चोपन्न की पंच्याहत्तर?

कटिंग चहाचा ग्लास आणि पाणी प्यायचं स्टीलचं फुलपात्र शेजारी शेजारी ठेवून पाहा. ग्लासाचं तोंड साधारण साडेपाच सेंटिमीटरचं, फुलपात्राचं साडेसातच्या आसपास. अमेरिकेत जुन्या डिझेल ट्रकांची कामं करणाऱ्या गॅरेजच्या टेबलावर जवळपास याच मापांची दोन चाकं पडलेली दिसतात. ॲल्युमिनियमची, वळणदार पात्यांची, हातात घेतली तर खेळण्यातली वाटावीत अशी. छोट्या चाकाचं हवा ओढणारं तोंड सुमारे ५४ मिलिमीटरचं. ते ‘होल्सेट एचएक्स३५’ या टर्बोचं, म्हणजे कंपनीतून ट्रकबरोबर आलेलं. मोठं ७५ मिलिमीटरचं, ‘बोर्गवॉर्नर एस४७५’चं. या दुसऱ्याच्या नावातले शेवटचे दोन आकडेच त्याचं माप सांगतात.

ट्रकमालकाचा हात अर्थातच फुलपात्राकडे जातो. ताकद वाढवायची तर टर्बो मोठाच हवा, हे त्याला उघड वाटतं. मराठीत अशा हौसेवर टोमणा तयार आहे: अंगापेक्षा बोंगा मोठा. पण नेमकं कितव्या मिलिमीटरला बोंगा अंगापेक्षा मोठा होतो, हे म्हण सांगत नाही. ते कागद-पेन्सिल घेऊनच काढावं लागतं.

आधी ट्रकबद्दल. १९८९ साली डॉज कंपनीच्या ‘रॅम’ पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल इंजिन बसलं. ताकद १६० अश्वशक्ती. हे ‘बी’ मालिकेचं इंजिन मुळात शेतीची आणि बांधकामाची यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं होतं, त्यामुळे पिकअपच्या मानाने ते भलतंच दणकट निघालं. नुसतं इंजिनच अर्ध्या टनाच्या घरात जातं. १९९४ ते १९९८ या काळातल्या गाड्यांवर बॉशचा पी७१०० हा पंप होता. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, डिझेल किती सोडायचं ते एक लोखंडी पट्टी ठरवते. ती पट्टी पाना घेऊन थोडी पुढे सरकवली की इंजिनाला जादा डिझेल मिळतं. आजही या गाड्यांमागे वेडी झालेली माणसं अमेरिकेत गावोगाव सापडतात, त्याचं मूळ या पट्टीत आहे.

हे घराणं आपल्याकडेही परकं नाही. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ मध्ये भागीदारी केली आणि जमशेदपूरला हीच ‘बी’ मालिका टाटांच्या ट्रकांसाठी बनू लागली. पुढे सातारा जिल्ह्यात फलटणलाही टाटा कमिन्सचा कारखाना आला. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स तर १९६२ पासूनची. खंबाटकी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घोंघावत चढणारा जुना ‘टाटा कमिन्स’ आणि टेक्सासमधला चकचकीत रॅम, दोघांचं इंजिन एकाच भावकीतलं. एकाला पंचवीस टनांचं ओझं घेऊन कमी फेऱ्यांवर दिवसभर ओढायचं असतं, दुसऱ्याला रविवारी घोड्यांचा ट्रेलर ओढून झाला की शर्यतही लावायची असते. इंजिन तेच असलं तरी दोघांना एकाच मापाचा टर्बो चालत नाही.

टर्बो ताकद देतो, हा समज मोठा चिवट आहे. ताकद डिझेल देतं. ते जाळायला लागणारी हवा तेवढी टर्बो पुरवतो. पंपाची पट्टी सरकवून डिझेल वाढवलं आणि हवा होती तेवढीच राहिली, तर जादा डिझेल अर्धवट जळून काळ्या धुराच्या रूपाने मागच्या गाडीच्या काचेवर जातं. बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूतच हवा कोंबण्याइतका जोर असतो, हे स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याला सुचलं. त्याचं पेटंट १९०५ चं. प्रत्यक्षात नाव घेण्याजोगं यश यायला वीस वर्षं लागली. १९२०च्या दशकाच्या मध्यावर ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांवर त्याची यंत्रणा बसली आणि त्याच इंजिनांची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. एका दांड्याच्या एका टोकाला धुराने फिरणारं टर्बाइनचं चाक आणि दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं कॉम्प्रेसरचं चाक, ही मांडणी तेव्हापासून आजवर बदललेली नाही.

आता हिशेब. समजा मालकाला ४०० अश्वशक्ती हवी आहे. या जातीचं इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण १७० ग्रॅम डिझेल खातं. म्हणजे ४०० ला ६८ किलो. एक किलो डिझेल धुराविना जाळायचं तर २० किलोच्या आसपास हवा लागते. कागदावर साडेचौदा किलोतही भागतं, पण सिलिंडरमध्ये हवा आणि डिझेल कधीच इतकं नीट मिसळत नाहीत. वीसच्या बरंच खाली उतरलं की धूर काळवंडू लागतो आणि तापमान चढतं. तर ६८ गुणिले २० म्हणजे तासाला १,३६० किलो, मिनिटाला २२.७ किलो हवा.

इंजिन स्वतःहून किती ओढतं? ५.९ लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन २,८०० फेऱ्यांवर मिनिटाला १,४०० वेळा पूर्ण भरतं. भरणं थोडं अपुरं होतं हे धरून साडेसात घनमीटर हवा. साध्या हवेत हे वजन पावणेनऊ किलोच भरतं. हवे आहेत २२.७. सिलिंडरची जागा वाढवता येत नाही, तेव्हा तेवढ्याच जागेत हवा अडीचपट घट्ट करून भरायची. दाबली की हवा तापते आणि तापली की फुगते, म्हणून प्रत्यक्षात दाब अडीचपटीहून जास्त लागतो. इंटरकूलरने ती साठ अंशांपर्यंत आणली, वाटेतली गळती-घट धरली, तर कॉम्प्रेसरला बाहेरच्या हवेच्या ३.१ पट दाब निर्माण करावा लागेल. डॅशबोर्डवरच्या घड्याळात हे २८ पाउंडांच्या आसपास दिसेल. आपण गाडीच्या चाकात भरतो जवळपास तेवढीच हवा, फक्त इथे ती मिनिटाला साडेसात घनमीटर या वेगाने सतत आत जात असते.

मिनिटाला २२.७ किलो आणि ३.१ पट. टर्बो निवडताना हातात हे दोन आकडे असावे लागतात. मिलिमीटर नंतर येतात.

प्रत्येक कॉम्प्रेसरचा एक नकाशा असतो. आडव्या अक्षावर हवेचं वजन, उभ्या अक्षावर दाबाची पट. मधे एकात एक वेढे, सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या नकाशातल्या समोच्च रेषांसारखे. सगळ्यात आतला वेढा म्हणजे कार्यक्षमतेचं शिखर, जिथे पाऊणशे टक्क्यांच्या आसपास काम वाया न जाता होतं. बाहेर सरकावं तशी कार्यक्षमता उतरते आणि वाया गेलेलं सगळं काम हवा तापवण्यात जातं. पंचवीस अंशांची हवा ३.१ पट दाबताना ७२ टक्के कार्यक्षमता असेल तर ती सुमारे १८० अंशांवर पोचते. तीच ६० टक्क्यांवर घसरली तर २१० च्या वर. घड्याळात पाउंड तेवढेच दिसतात, पण आत जाणारी हवा विरळ असते. नुसत्या पाउंडांची फुशारकी मारणाऱ्याला हे सहसा ठाऊक नसतं.

नकाशाच्या दोन्ही कडांना दरी आहे. उजवीकडे चाकाच्या तोंडातून आणखी हवा शिरूच शकत नाही. चाक नुसतं वेगाने फिरत राहतं, मिनिटाला लाख-सव्वा लाख फेरे, पात्यांच्या कडा आवाजाच्या वेगाच्याही पुढे. तिथे ते फार काळ ठेवलं तर फुटतं. डावीकडे उलटा प्रकार. दाब भरपूर, पण इंजिन हवा घेत नाही. मग दाबलेली हवा चाकातूनच उलटी परतू पाहते. ट्रेलर ओढत असताना चालकाने एकदम पाय काढला की बॉनेटखालून भुंकल्यासारखा जो आवाज येतो, तो हाच. ऐकायला झकास वाटतो आणि शौकीन तो मुद्दाम काढूनही दाखवतात. दांड्याच्या बेअरिंगला मात्र प्रत्येक भुंकणं म्हणजे हातोडीचा घाव.

आपले दोन आकडे एचएक्स३५ च्या नकाशावर टाकले तर टिंब उजव्या कडेच्या फार जवळ जातं. तीनशे अश्वशक्तीपर्यंत हे छोटं चाक मजेत काम करतं, चारशेला धापा टाकतं. मग एस४७५? तिथे टिंब पार डावीकडे, दरीच्या तोंडाशी. आणि हे झालं २,८०० फेऱ्यांचं. ट्रक आयुष्याचा बहुतेक काळ १,५०० ते २,००० फेऱ्यांवर काढतो, तिथे मोठं चाक जागंच होत नाही.

जागं होत नाही, याचंही कारण मोजता येतं. ५४ वरून ७५ वर गेलं की तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होतं. पण फिरायला लागायचा आळस व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. दोन्ही चाकं एकाच घडणीची धरली तर मोठं पाचपट जड बुडाचं निघतं. सिग्नलला हिरवा दिवा लागतो, चालक पाय दाबतो, पंप इमानेइतबारे डिझेल ओततो आणि चाक अजून आळोखेपिळोखे देत असतं. मधल्या त्या तीन-चार सेकंदांत चौक काळाकुट्ट. चारशे अश्वशक्तीच्या मालकाला खरं उत्तर दोन्ही चाकांच्या मधे सापडतं: साठ-बासष्ट मिलिमीटर. होल्सेटचा एचएक्स४० किंवा बोर्गवॉर्नरचा एस३६२ याच पेठेतले.

इथवर सगळी चर्चा थंड बाजूची झाली. गरम बाजूकडे लोक कमी बघतात, आणि मापं तिथेच जास्त चुकतात. टर्बाइनभोवतीचं शंखाकार बीडाचं कवच जितकं निमुळतं, तितका धूर जोरात चाकावर आदळतो आणि टर्बो लवकर उठतो. नळाच्या तोंडावर अंगठा दाबून पाणी लांब उडवावं तसं. होल्सेट या वाटेचं माप चौरस सेंटिमीटरमध्ये सांगते. रॅमवरच्या एचएक्स३५ ला १२ चं कवच येतं. पण अंगठा दाबला की मागे दाब साचतोच. इंजिनाला मग धूर बाहेर ढकलायलाच ताकद खर्च करावी लागते. वेस्टगेट नावाची झडप थोडा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडून देते, तीही एका मर्यादेपर्यंत.

म्हणून जाणता मेकॅनिक एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून तिथेही दाबाचं घड्याळ बसवतो. आत जाणारी हवा ३० पाउंड आणि बाहेर पडणाऱ्या धुराचा दाबही ३०-३५, तर जोडी जमली. आत ४० आणि बाहेर ६५ असेल तर कवच घट्ट आहे, पुढचा पाउंड फुकटचा नाही. तिसरं घड्याळ धुराच्या तापमानाचं. घाट चढताना ते सलग सातशे अंशांच्या वर राहिलं की ॲल्युमिनियमच्या पिस्टनची काळजी करायची वेळ आली.

हे तिन्ही काटे समोर असूनही पुष्कळजण एअर फिल्टर मात्र जुनाच ठेवतात. कोंदलेल्या फिल्टरमुळे टर्बोच्या तोंडाशी दाब एक दशांशाने जरी पडला, तरी तेवढाच शेवटचा दाब गाठायला ३ पटीऐवजी ३.३ पट दाबावं लागतं. कमिन्स कंपनीला हा धडा फार महागात मिळाला होता. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत तिची डिझेल गाडी उतरली, टर्बो लावून या शर्यतीत आलेली ती पहिलीच. फ्रेड आगाबाशियनने ताशी १३८ मैलांच्या वेगाने पात्रता फेरीत सगळ्यांच्या पुढची जागा पटकावली. पेट्रोलवाल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार. पण टर्बोचं हवा घेणारं तोंड पुढे, अगदी जमिनीलगत होतं. धावपट्टीवरच्या टायरच्या रबराचे तुकडे त्यात साचत गेले आणि ७१ फेऱ्यांनंतर गाडी बाहेर पडली.

उंची हाही एक प्रकारे कोंदलेला फिल्टरच. डेन्व्हर शहर १,६०० मीटरवर आहे आणि तिथून पश्चिमेला निघालेला महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटर उंची गाठतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. सपाटीवर ३.१ पटींत जे भागत होतं, त्याला आता साडेचारहून जास्त पटी लागतात. कोलोरॅडोतला मालक ट्रेलर घेऊन हा चढ नेहमी चढत असेल, तर ह्यूस्टनमधल्या मित्राचा टर्बो डोळे मिटून घेण्यात अर्थ नाही.

आता खरी हाव. चारशे नको, साडेसहाशे हवेत. तोच हिशेब पुन्हा घातला तर मिनिटाला सुमारे ३७ किलो हवा आणि दाब बाहेरच्या पाचपट. इथे एकट्या चाकाचा खेळ संपतो. इतका दाब एका दमात द्यायला गेलं की कुठलंही नेहमीचं चाक कार्यक्षमतेच्या वेढ्यांबाहेर फेकलं जातं. म्हणून कटिंगचा ग्लास आणि फुलपात्र दोन्ही लावायची, एकामागे एक. याला कंपाउंड टर्बो म्हणतात. बाहेरची हवा आधी मोठ्यात जाते, तिथून छोट्यात, मग इंटरकूलर आणि इंजिन. धूर उलट्या क्रमाने: आधी छोट्याच्या टर्बाइनवर, तिथून मोठ्याच्या.

गंमत अशी की इथे दाबाच्या पटींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. मोठ्याने सव्वादोन पट केली, छोट्याने सव्वादोन पट केली, की झाले पाच. दोघांपैकी कुणालाच घाम फुटत नाही.

मग जो ५४ चा टर्बो ४०० अश्वशक्तीला धापा टाकत होता, तो साडेसहाशेची हवा कशी गिळतो? कारण त्याच्यापर्यंत येणारी हवा आधीच घट्ट झालेली असते. वजन ३७ किलो, पण जागा कमी व्यापते. मोठ्या चाकातून ती सव्वाशे-एकशेतीस अंशांची होऊन येते हे जमेस धरूनही, छोट्या चाकाच्या नकाशावर हे काम मिनिटाला १९ किलोंइतकंच भरतं. साध्या हवेत एकट्याने साडेतीनशेच्या आतली अश्वशक्ती पुरवण्याएवढं, म्हणजे त्याच्या ऐन सोयीचं. सिग्नलवरून निघताना छोटं चाक लगेच उठतं, धूर आवरतो, आणि वेग वाढला की मोठं सावकाश येऊन भार उचलतं.

जोडी मात्र जमवावी लागते. दोघांच्या मापात अंतर फारच कमी ठेवलं तर मोठ्याचा उपयोग होत नाही, फार जास्त ठेवलं तर मधल्या वेगांवर मोठं झोपलेलं आणि छोटं फेस आलेलं, अशी पोकळी पडते. ५४ ते ६२ च्या बरोबर ७५ हे बऱ्याच गॅरेजांनी वापरून घासूनपुसून घेतलेलं समीकरण आहे. शिवाय छोट्याचं वेस्टगेट ऐसपैस हवं, नाहीतर साडेसहाशे अश्वशक्तीचा सगळा धूर त्या १२ चौरस सेंटिमीटरच्या बोळातून कोंबला जातो. आत पंचावन्न पाउंड दाब आला की सिलिंडर हेड उचललं जायला बघतं, म्हणून मूळचे बोल्ट काढून कडक स्टड घालतात. बॉनेटखाली पाइपांचं इतकं जंजाळ होतं की बॅटरी दुसरीकडे हलवायची पाळी येते.

कारखान्यांनीही हे प्रश्न सोडवले, आपापल्या पद्धतीने. फोर्डच्या २००८ ते २०१० च्या ६.४ लिटर डिझेल पिकअपवर एकामागे एक दोन टर्बो कंपनीतूनच येत. कमिन्सने २००७ पासून रॅमच्या ६.७ लिटर इंजिनावर वाट बदलणारा टर्बो दिला. त्यात एक कडी आत-बाहेर सरकते आणि टर्बाइनचं तोंड गरजेप्रमाणे अरुंद किंवा रुंद होतं, म्हणजे नळावरचा अंगठा हवा तेव्हा दाबता-सोडता येतो. काजळी साचून ती कडी अडकते, हे त्याचं नेहमीचं दुखणं.

हे वाचून आपल्या गाडीचा बॉनेट उघडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात असा मनाने फेरफार चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. अमेरिकेतही धूर-नियंत्रणाची साधनं काढून टाकणं बेकायदा आहे.

साडेसहाशेवाल्याच्या गॅरेजमध्ये परत जायचं तर, तिथे जुना एचएक्स३५ भंगारात गेलेला नसतो. तोच आता छोट्या जागेवर बसणार असतो. दोन-तीन लाख किलोमीटर फिरलेला, तोंडाशी तेलाचा ओशटपणा. मेकॅनिक चाकाच्या टोकाचं नट दोन बोटांत धरतो आणि हलवून बघतो. बाजूला किंचित हललं तर घाबरत नाही, कारण हा दांडा तेलाच्या पापुद्र्यावर तरंगायचा असतो आणि तेलाचा दाब नसताना तो थोडा डुगडुगणारच. मग तो नट आत-बाहेर ओढून पाहतो. तिकडे जाणवण्याइतकी हालचाल लागली, तर थ्रस्ट बेअरिंग बदलेपर्यंत तो टर्बो मॅनिफोल्डवर चढत नाही.